बंदुकीला अजून मानवलं नाही

आमच्या खोऱ्यात कामाशिवाय कुणी कुणाच्या दारात जात नाही. कारण न सांगता येतात ते दोघंच, पाद्री आणि कंपनीचा माणूस, आणि दोघांनाही तुमच्याकडून काहीतरी हवंच असतं. बाकीच्यांना कारण लागतं. करवत मागायची असते, चुकलेलं कुत्रं दिसलं का विचारायचं असतं. कारण सांगून झालं की मग ओसरीवर दिवस मावळेपर्यंत बसा, कुणी उठ म्हणणार नाही. पण कारण आधी. हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. आणि बाहेरच्या कुणाला यात हसण्यासारखं काही वाटत असेल तर त्याने खुशाल हसावं, आमच्या ओसरीवर मात्र येऊ नये.

अर्लिस टॅकेट लिक फोर्क ओढ्याच्या अगदी वरच्या टोकाला राहायचा. त्याच्या खालची घरं कोळसा कंपनीने एकेक करून विकत घेतली, पाडली, आणि डोंगराला सुरुंग लावायला मोकळी झाली. अर्लिसने जागा दिली नाही. कंपनीचा माणूस पुन्हा पुन्हा यायचा. शेवटचा आला तेव्हा अर्लिस ओसरीवर बंदुकीची नळी घासत बसला होता. त्याने वर न बघता विचारलं, "तुझा हात किती लांब आहे?" तो माणूस गाडीत बसला तो पुन्हा आलाच नाही.

"मी दस्त्याचं माप विचारत होतो," अर्लिस नंतर म्हणायचा. "मला वाटलं गिऱ्हाईक आहे."

बायको, वर्जी, जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलं ओहायोत मोटारीच्या कारखान्यांत. झऱ्याचं पाणी सुरुंगांमुळे नारिंगी यायला लागलं होतं, ते तो फडक्यातून गाळून हात धुवायला वापरायचा. प्यायचं पाणी मी डब्यांतून नेऊन द्यायचे. मी तेव्हा त्या पाण्यासाठीच कोर्टात भांडत होते, आणि खाणीत फुप्फुसं गमावलेल्या माणसांसाठी. दोन्ही भांडणं अजून चालू आहेत.

अर्लिस ठासणीच्या बंदुका करायचा, चकमकीच्या. नळीच्या तोंडातून दारू ओता, चिंधीत बसवलेली शिशाची गोळी गजाने आत ठासा, कानाशी असलेल्या वाटीत चिमूटभर रंजक, म्हणजे पेटवायची बारीक दारू, घाला. चाप ओढला की घोड्याच्या जबड्यातली गारगोटी पोलादावर घासते, ठिणगी पडते, बार होतो. बंदूक माणसाच्या मापाने व्हायची, अंगावरचा कोट शिवावा तशी. हाताची लांबी, मानेची उंची, गालाचं हाड कुठे टेकतं ते बघून तो मेपलचा दस्ता तासायचा.

पण खरा वेळ लागायचा तो पुढे. बंदूक दिसायला तयार झाली की तिला काय मानवतं ते शोधायचं. दोन नळ्या एकाच हाताने, एकाच महिन्यात केलेल्या असोत, एकीला पन्नास ग्रेन, म्हणजे जेमतेम तीन ग्रॅम, दारू पुरते आणि दुसरी साठ घातल्याशिवाय सरळ मारत नाही. एकीला गादीचं जाड पट्टेरी कापड लागतं, दुसरीला जुन्या चादरीची पातळ चिंधी. चरबी कुणाला अस्वलाची, कुणाला मेंढीची. प्रत्येक बारानंतर अर्लिस गवतात शिरून उडालेली चिंधी हुडकून आणायचा आणि उजेडाकडे धरून बघायचा. मधोमध जळाली असेल तर एक अर्थ, कडेला फाटली असेल तर दुसरा. तो चिंध्या वाचायचा, इतर म्हातारे वर्तमानपत्र वाचतात तसा, आणि तेवढाच वैतागायचा.

एकदा मानवलं की हरणाच्या शिंगाचं टोक कापून, आतून पोखरून त्या बंदुकीपुरतं दारूचं माप करायचं. ते वादीने बंदुकीला बांधलं की काम संपलं. आणि माप बांधेपर्यंत मालकाने चाप ओढायचा नाही, हा त्याचा नियम.

डेल्मर स्टंबो माझ्या आईचा चुलतभाऊ, म्हणजे माझा मामा. तो आणि अर्लिस जन्मभर एकाच खाणीत, एकाच पाळीत राबले. दर शुक्रवारी मी मामाला छातीच्या दवाखान्यात न्यायचे. कंपनीच्या डॉक्टरने त्याची धाप तंबाखूची आहे असं शपथेवर सांगितलं होतं. मामाने उभ्या जन्मात तंबाखू ओढली नव्हती. त्याचं उत्तर होतं, "मग मला तंबाखूच्या खाणीत कामाला ठेवलं असणार."

एका हिवाळ्याच्या तोंडाला, दवाखान्यातून परतताना, तो म्हणाला, "गाडी लिक फोर्कला वळव. अर्लिसकडे काम आहे."

काम म्हणजे बंदूक. दर ऑक्टोबरात आमच्याकडे ओंडक्याची शर्यत होते. ओंडक्यावर नळी टेकवायची, पोटावर झोपायचं, दहा बार. प्रत्येक गोळी मधल्या खुणेपासून किती लांब पडली ते एकाच दोरीवर मोजत जातात, आणि ज्याची दोरी सगळ्यांत आखूड त्याला गोऱ्ह्याची मागची तंगडी. मामा पोरवयापासून या शर्यतीत उतरत होता, पण कायम अर्लिसच्या उसन्या बंदुकीने.

"अर्लिसचे हात माकडासारखे लांब," मामा ओसरीवर बसत म्हणाला. "त्याची बंदूक म्हणजे मला दुसऱ्याच्या विजारीत नाचायला लावल्यासारखं. एकदा माझ्या मापाची घेऊन झोपू दे. पुढच्या ऑक्टोबरात. त्याच्या पुढचा मला दिसेल असं वाटत नाही."

"तुला मापाची दिली तरी तू हरणारच," अर्लिस म्हणाला.

"मग माझ्या मापात हरेन."

अर्लिस उठला, दोरा घेऊन आला आणि त्याचा हात मोजायला लागला.

तेव्हापासून आमचा शुक्रवार ठरून गेला. आधी दवाखाना, मग लिक फोर्क. हिवाळाभर दस्त्याचं काम चाललं. मामा बंदूक खांद्याला लावून बघायचा, अर्लिस डोळे बारीक करून त्याच्याकडे बघायचा आणि गालाशी केसभर लाकूड काढायचा. थंडी सरता सरता तो ती परड्यात नेऊन झाडायला लागला. मामा ओसरीवर पांघरूण घेऊन बसायचा, मी घेवडा आणि मक्याचा पाव गरम करायचे.

"काय म्हणते माझी बायको?" गाडीतून उतरता उतरताच मामा बंदुकीकडे बघत विचारायचा.

"तुला बघून तोंड फिरवलं."

"आज काय चारलंस?"

"पंचावन्न. उजवीकडे थुंकली."

"साठ घाल."

"तू तुझं खोक. बंदूक मी बघतो."

मग अर्लिस एकदोन बार काढायचा, चिंध्या शोधायचा, उजेडाला धरायचा आणि मान हलवायचा. "अजून मानवलं नाही." पुढल्या शुक्रवारी कापड बदललेलं असायचं. त्याच्या पुढल्या शुक्रवारी चरबी. मग पुन्हा पहिलं कापड. मधल्या वेळात दोघं खाणीतल्या मेलेल्या माणसांना शिव्या द्यायचे, जिवंतांना जास्त. मामाला बोलताना धाप लागली की अर्लिस नळी पुसत बसायचा आणि वर बघायचा नाही. मामाला दम सापडला की संभाषण जिथे तुटलं तिथूनच पुढे.

वसंतात मामा गाडीपासून ओसरीपर्यंत स्वतः चालत यायचा. उन्हाळ्याच्या मध्यावर मला हात द्यावा लागायला लागला. ऑगस्टात दवाखान्याने त्याच्या नाकाला प्राणवायूची नळी लावली आणि हातात चाकांची टाकी दिली. तिथल्या मुलीने बजावून सांगितलं, टाकीजवळ ठिणगी नको, विस्तव नको. मामाने माझ्याकडे बघितलं. दोघांच्याही डोक्यात चकमकीची ठिणगी आणि ऑक्टोबरातला ओंडका होता.

त्या शुक्रवारी ओसरीवर त्याला बसल्या बसल्या झोप लागली. मी चुलीसाठी लाकडं आणायला अर्लिसच्या कामाच्या खोपीत गेले. मागच्या भिंतीला निशाणाची एक काळी फळी टेकून ठेवली होती. मधोमध पाच भोकं, एकमेकांत घुसलेली, सगळी मिळून माझ्या अंगठ्याखाली झाकली जातील अशी. फळीवरच्या भोकांत कोळ्यांनी घरं केली होती. बाजूच्या खिळ्याला शिंगाचं माप लटकत होतं, वादीसकट. त्यावर मामाच्या नावाची आद्याक्षरं कोरलेली होती, आणि तीही धुळीने भरली होती.

मी ते माप काढून तशीच परड्यात गेले. अर्लिस गवतात वाकून चिंधी शोधत होता.

"हे काय आहे?"

"शिंग," तो म्हणाला.

"शिंग मला कळतं. हे कधीपासून तयार आहे?"

तो गवत चाचपत राहिला.

"अर्लिसकाका, त्या माणसाच्या नाकाला नळी लागलीय. वसंतात तो स्वतःच्या पायांनी येत होता. इथेच परड्यात पोटावर झोपला असता, दहाच्या दहा बार काढले असते. आणि तुम्ही इथे चिंध्या गोळा करताय? कशासाठी?"

"तयार आहे म्हटलं की घेऊन जाईल," अर्लिस म्हणाला.

"मग?"

"मग काय. घेऊन जाईल."

मला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा राग कमी झाला नाही, उलट वाढला. "मग तुम्ही जा ना त्याच्याकडे. गावात, सुनेकडे राहतो तो. धुलाईच्या दुकानाच्या वर. मी नेते तुम्हाला."

"काय काम सांगून?"

त्याने हे खरोखर विचारलं. माझ्याकडे उत्तर असेल तर त्याला ते हवं होतं. मी माप त्याच्या हातावर ठेवलं आणि लाकडं न घेताच परत आले.

पुढच्या शुक्रवारी आम्ही पोचलो तेव्हा बंदूक ओसरीवर, खुर्चीला टेकवून ठेवलेली होती. माप बांधलेलं होतं. अर्लिस म्हणाला, "बावन्न ग्रेन. गादीचं कापड, मेंढीची चरबी. मानवलं."

मामाने ती खांद्याला लावली. नळी थरथरली आणि स्थिर झाली. गाल जिथे टेकायचा तिथेच टेकला. त्याने ती खाली घेतली आणि म्हणाला, "देखणी आहे. तुझ्यावर गेली नाही."

शर्यतीच्या दिवशी वारा अजिबात नव्हता. टाकी ओंडक्यापासून लांब ठेवणं भाग होतं, सगळीकडे दारू आणि ठिणग्या. मी ती घेऊन झाडांच्या पलीकडे उभी राहिले. मामाने नळी नाकातून काढली, माझ्या हातात दिली आणि अर्लिसच्या खांद्याला धरून ओंडक्यापर्यंत गेला. तो पोटावर झोपला तेव्हा छातीवर भार येऊन त्याच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मला झाडांपलीकडे ऐकू आला. बंदूक भरायचं काम अर्लिसने केलं. शिंगाचं माप भरून ओतलं, गोळी ठासली, वाटीत रंजक घातली आणि बाजूला झाला.

पहिली गोळी खुणेच्या मध्यावर बसली. दुसरी तिच्या कडेला चिकटून. तिसरीच्या आधी मामा इतका वेळ निपचित पडून राहिला की कुणीतरी पुढे व्हायला लागलं, आणि तेवढ्यात बार झाला. तीही आत. अर्लिसने चौथी भरली आणि त्याच्यापुढे धरली. मामाने ती घेतली नाही. त्याचे ओठ जांभळे पडले होते. चौघांनी त्याला उचलून माझ्याकडे आणलं.

मोजणीवाला म्हातारा मागोमाग आला. "डेल्मर, तू बसून मार. कुणाची हरकत नाही."

मामाला उत्तर द्यायला दम जमवावा लागला. "ही झोपून मारायची शर्यत आहे."

"मग उरलेले अर्लिस मारेल?"

"माझ्या मापाची नाही," अर्लिस म्हणाला. त्याने भरलेली गोळी डोंगराच्या उतारात झाडून टाकली, नळी पुसली आणि बंदूक गाडीत ठेवली. उरलेले बार चुकलेले म्हणून धरले गेले. मामाची दोरी त्या दिवशी सगळ्यांत लांब होती.

परतताना मामा पुढे बसला होता, अर्लिस मागे, बंदुकीजवळ. टाकी मामाच्या पायाशी फुसफुसत होती.

"एप्रिलात झाली होती ना?" मामा समोर बघत म्हणाला.

"मार्चात," अर्लिस म्हणाला.

"मला वाटलंच. पंचावन्नवरून पुन्हा पन्नासवर आलास ना, तेव्हाच."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर दिली असतीस?"

"हो."

"म्हणून."

मला दोघांचाही संताप आला. गाडी थांबवून दोघांना रस्त्यात उतरवावं असं वाटलं, आणि आजही वाटतं. एका माणसाची एक इच्छा होती, दम असताना आपल्या मापाच्या बंदुकीने दहा बार काढायची. ती दोघांनी मिळून, एकमेकांना न सांगता, शुक्रवारांवर खर्चून टाकली. आणि यांतल्या एकालाही "ये, बस" एवढं म्हणता येत नव्हतं.

त्यानंतरच्या शुक्रवारी दवाखान्यातून येताना लिक फोर्कचा फाटा आला. मी वेग कमी केला. मामा समोर बघत राहिला. बंदूक घरी, सुनेच्या टीव्हीच्या वर, भिंतीतल्या दोन खिळ्यांवर टांगलेली होती. वर जायला कारण उरलं नव्हतं. मी फाटा मागे टाकला.

पुढल्या खेपेला मी न विचारता वळले.

"काय काम आहे तिथे?" मामा म्हणाला.

"मला संडासला लागलीय."

"गावात काय संडास नाहीत?"

"तिथपर्यंत धरवणार नाही."

अर्लिस पायरीवर उभाच होता. "काय बिघडलं? चाप?"

"पोट," मी म्हणाले, आणि परड्यातल्या लाकडी संडासात जाऊन कडी लावली. थंडी फळ्यांतून आत येत होती. पाय बधिर होईपर्यंत मी बसून राहिले. बाहेर आले तेव्हा दोघं शेजारी शेजारी बसले होते. मामाचं पांघरूण त्याच्या गुडघ्यांवर नीट घातलेलं होतं, ते त्याला एकट्याला जमलं नसतं.

"बराच वेळ लागला," अर्लिस म्हणाला.

"जुनाट दुखणं आहे," मामा म्हणाला. "पुढच्या शुक्रवारीही होईल."

पुढच्या शुक्रवारी रस्त्यावर बर्फ होतं आणि दवाखानाही बंद होता. त्यानंतरच्या आठवड्यात, मंगळवारी पहाटे, मामा सुनेच्या घरी वारला.

उजाडल्यावर मी लिक फोर्कला गेले. गाडीत मी एकटीच, हे अर्लिसने ओसरीवरूनच बघितलं. तो खाली आला. मी सांगितलं. त्याने टोपी काढली नाही, बसला नाही. म्हणाला, "बंदूक भरलेली आहे का?"

"काय?"

"मेलेल्या माणसाची बंदूक भरलेली असली तर कुणालाच ठाऊक नसतं. ती तशीच भिंतीवर राहते आणि मग कुणीतरी खेळायला काढतं. त्याने घरी भरून ठेवली असेल तर?"

"मला माहीत नाही."

"सुनेला म्हणावं हात लावू नको. मी येतो." तो आत गेला, हत्यारांची पिशवी घेऊन आला आणि माझ्या गाडीत बसला. पुढच्या सीटवर. सबंध वाटेत एकदाच बोलला, खालच्या पडलेल्या घरांजवळ, की इथे पूर्वी सफरचंदं चांगली यायची.

धुलाईच्या दुकानाच्या वर चढताना तो दोनदा थांबला. जेनेलने, मामाच्या सुनेने, दार उघडलं. डोळे सुजलेले होते तिचे. बायका स्वयंपाकघरात होत्या, मामाची खोली बंद होती.

"बंदूक बघायला आलोय," अर्लिस तिला म्हणाला. "भरलेली असेल तर काढून देतो."

तिने मानेनेच हो म्हटलं. त्याने खुर्ची ओढली, बंदूक खिळ्यांवरून उतरवली, खिडकीजवळ बसला आणि नळीखालचा गज काढून तोंडातून आत सोडला. दारू-गोळी असती तर गज मध्येच थब्ब करून अडला असता. तो सरळ तळाला गेला आणि टण्ण वाजला. त्या लहानशा खोलीत सगळ्यांना ऐकू गेला. रिकामी होती. पुसलेली, तेल दिलेली, स्वच्छ.

काम झालं होतं. अर्लिसने गज वर काढला, अंगठ्याने खूण धरून नळीच्या बाहेरून लावून बघितला, आणि पुन्हा आत सोडला. टण्ण. पुन्हा वर काढला. वाटीत फुंकर घातली, गारगोटीची धार नखाने तपासली, माप वादीवर सरळ केलं. जेनेलने त्याच्यापुढे कॉफी आणून ठेवली.

"रिकामी आहे ना?" तिने विचारलं.

"बघतो," अर्लिस म्हणाला, आणि गज पुन्हा आत सोडला.